जाबाचा दगड

एकदा एक गाव निवडणूक होऊन गेल्यावर पुढे दोन महिने तीच निवडणूक लढत बसलं होतं. निकाल लागला होता, कोण जिंकला आणि कोण हरला हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ज्यांना तो पचला नाही त्यांची पोटदुखी जात नव्हती, आणि ज्यांना पचला त्यांचे ढेकर थांबत नव्हते. अशा गावात काम करू पाहणाऱ्या माणसाचे काय हाल होतात, ते रोहिदासला विचारावं.

हे गाव डोंगरातून उतरणाऱ्या एका लहानशा नदीच्या काठी होतं. नदीवर वाडवडिलांनी बांधलेला दगडी बंधारा होता, बंधाऱ्यातून निघालेला पाट होता, आणि पाटाखालची जमीन एकापुढे एक अशा चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली होती. त्या तुकड्यांना तिथे फड म्हणत. पाणी पहिल्या फडापासून चौथ्यापर्यंत पाळीपाळीने जाई. ते कोणाच्या वावरात कधी आणि किती वेळ सोडायचं, पाट कुठे फुटला तर तो कसा बुजवायचा, हे पाहणारा माणूस म्हणजे पाटकरी. गावाला राजाचं नाव एखादे वेळी सांगता आलं नसतं, पण पाटकऱ्याचं नाव प्रत्येकाने झोपेतही सांगितलं असतं.

रोहिदास पाळ्यांची वही सांभाळत असे. वय पस्तिशीचं, स्वभाव सरळ, आणि डोकं जरा लवकर तापणारं. पाण्याची विद्या शिकायला तो आप्पांकडे जाई. आप्पा बावीस वर्षं पाटकरी होते. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्यांनी फावडं खाली ठेवलं. पाण्याच्या आवाजावरून पाट कुठे अडला आहे ते त्यांना कळत असे, आणि माणसाच्या आवाजावरूनही बहुधा कळत असे.

पाटकरी दर वर्षी निवडायचा असे, पण आप्पा होते तोवर समोर कोणी उभंच राहिलं नाही, त्यामुळे निवडणुकीची वेळच आली नव्हती. यंदा दोघे उभे राहिले, लोटन आणि हिलाल. घरटी एक दाणा, अशी जुनी रीत होती. लोटनसाठी तूर, हिलालसाठी हरभरा. झाकलेल्या मडक्यात मूठ घालायची आणि आत दाणा सोडायचा. दसऱ्यानंतरच्या रविवारी मडकं पालथं केलं तेव्हा तूर निघाली एकशे चोपन्न आणि हरभरा एकशे एक्कावन्न. तीन दाण्यांनी लोटन पाटकरी झाला. आप्पांनी आधीच चारचौघांत म्हटलं होतं, की लोटन हात चालणारा माणूस आहे, त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. त्यामुळे हे तीन दाणे आप्पांच्या शब्दाचे, असं पुष्कळांचं मत होतं.

हिलालच्या बाजूने दाणे पुन्हा मोजायला सांगितलं. मोजले. मग कोणीतरी म्हणालं, की एक तुरीचा दाणा फुटून त्याची डाळ झाली होती आणि ती डाळ दोनदा धरली. पुन्हा मोजले. तिसऱ्या वेळी तर हिलालच्या सख्ख्या काकाने स्वतः, चष्मा पुसून पुसून मोजले. एकशे चोपन्न आणि एकशे एक्कावन्न. काका घाम पुसत उठला आणि घरी गेला.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण हिलालची माणसं लोटनला ‘तीन दाण्यांचा पाटकरी’ म्हणू लागली आणि लोटनची माणसं टोपीला तुरीची डहाळी खोचून फिरू लागली. लोटनच्या बाजूच्या घरांत हरभऱ्याची डाळ शिजेना, हिलालच्या बाजूच्या घरांत वरण बंद झालं. एका घरी तर लग्नाच्या पाहुण्यांना तुरीच्या डाळीचं पुरण वाढलं, आणि पाहुण्यांनी मुकाट्याने ते पोटात ढकललं. मोठी, कर्ती, नातवंडं असलेली माणसं असं वागत होती. रोहिदासला दोन्हीकडून बोलणी बसत. दाणे मोजताना तो हजर होता, म्हणून हिलालची माणसं त्याच्याकडे संशयाने पाहत. आणि त्याने पुन्हा मोजू दिले, म्हणून लोटनची माणसं त्याच्यावर डाफरत.

गावात आणखी एक रीत होती. पाटाच्या मुखाशी एक बसका, काळा दगड होता. त्याला जाबाचा दगड म्हणत. दर अमावास्येला सकाळी पाटकऱ्याने अनवाणी त्या दगडावर उभं राहायचं, फावडं खाली ठेवायचं, आणि ज्याला जे विचारायचं असेल ते विचारू द्यायचं. उत्तर दिल्याशिवाय खाली उतरायचं नाही. आप्पा बावीस वर्षं त्या दगडावर उभे राहिले होते. एकदा एका बाईच्या प्रश्नाला उत्तर सापडेना म्हणून दुपार होईपर्यंत उन्हात उभे होते, असं सांगतात.

या वर्षी त्या रीतीचं वाटोळं झालं. लोटन दगडावर चढला की त्याची माणसं त्याच्याभोवती कडं करून उभी राहत. समोरून हिलालची माणसं तीन दाण्यांचं काढत. इकडून उत्तर जाई, की हरलात, आता गप्प बसा. तिकडून येई, की चोरीचा पाटकरी आम्ही मानत नाही. तास दोन तास असा गलका चाले. लोटन माणूस वाईट नव्हता. पहाटे उठून पाटावर फेरी मारायचा. पण दोन महिने शिव्या आणि जयजयकार याखेरीज त्याच्या कानावर काही पडलं नव्हतं, आणि माणसाच्या कानांना हळूहळू तेवढंच ऐकू येऊ लागतं. दुसऱ्या अमावास्येला तर तो पायताण न काढताच दगडावर चढला. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण सगळे भांडणात होते.

आणि त्याच सुमारास पाट गळू लागला. दुसऱ्या फडाच्या वळणावर घुशींनी बांध पोखरला. आधी मनगटाएवढं बीळ होतं, मग त्यात घागर मावेल एवढं झालं. पाण्याचा मोठा वाटा तिथून ओढ्यात जाऊ लागला. पहिल्या दोन फडांना पाणी पुरत होतं, तिसऱ्याला कसंबसं पोचत होतं, आणि चौथा फड कोरडा पडला. चौथ्या फडात दोन्ही बाजूंच्या मिळून चाळीस घरांचा गहू होता, त्यात रोहिदासचाही होता. गहू पोटरीला आला होता, म्हणजे ओंबी बाहेर पडायच्या बेतात होता. या वेळी पाणी चुकलं तर पुढे कितीही पाणी दिलं तरी ओंबीत दाणा भरत नाही. हातात आठ-दहा दिवस होते.

रोहिदासने भगदाड पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं, की ते पाहणारा तो पहिला नाही. चिखलात इतक्या पावलांचे ठसे होते, की जणू तिथे बाजार भरला होता. तूरवाले येऊन पाहून गेले होते आणि गप्प होते. बोललो तर समोरच्यांच्या हाती कोलीत मिळेल, असं त्यांना वाटत होतं. हरभरेवाले येऊन पाहून गेले होते आणि तेही गप्प होते. बीळ आणखी थोडं मोठं होऊ द्या, म्हणजे लोकांना कळेल कोणाला निवडून दिलं, असा त्यांचा हिशेब. त्यांच्यातल्या एकाने लोटनला भर बाजारात टोमणा तेवढा मारला होता, की तुझं डोकंही गळतंय आणि पाटही गळतोय. लोटनने तो नेहमीच्या टोमण्यांत जमा केला आणि पुढे गेला.

शेवटी रोहिदास आप्पांकडे गेला. आप्पा ओट्यावर बसून फावड्याचा जुना दांडा काचेने तासत होते. त्याने वही त्यांच्यापुढे आदळली आणि दोन महिन्यांचं साचलेलं सगळं ओकलं. ही माणसं मूर्ख नाहीत, मूर्खांना समजावता येतं, असं तो म्हणाला. हे लोक जाणूनबुजून आपलाच गहू वाळवत आहेत. एकाला आपला माणूस सांभाळायचा आहे, दुसऱ्याला त्याचा माणूस पाडायचा आहे, आणि पाणी मात्र कोणालाच नको आहे. आता पुरे झालं. वही कोणाला द्यायची ते सांगा, मी मोकळा होतो.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. दांड्यावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी एवढंच विचारलं, “तू कधी पाहिलंस भगदाड?”

“पाच दिवस झाले,” रोहिदास म्हणाला. “पाहिल्या पाहिल्या वहीत लिहिलं.”

“वहीत.”

“माझं काम वहीचं आहे, आप्पा. मी कोणाच्या बाजूचा नाही.”

आप्पांनी मान हलवली. त्या हलवण्यात होकार होता की नकार, ते रोहिदासला कळेना. मग ते म्हणाले, की परवा अमावास्या आहे, मला पाटापर्यंत धरून ने, आणि येताना पायात काही घालू नकोस. का, असं त्याने विचारलं. आप्पा पुन्हा दांडा तासू लागले होते. रोहिदास वही उचलून घरी आला, आणि म्हाताऱ्यांना सरळ बोलायला काय होतं, असं दोन दिवस मनातल्या मनात म्हणत राहिला.

अमावास्येची सकाळ गारठ्याची होती. तूरवाले पाटाच्या अलीकडे, हरभरेवाले पलीकडे, आणि मधे दगडावर लोटन, असा नेहमीचा देखावा जमला होता. आप्पा रोहिदासच्या खांद्यावर हात ठेवून पोचले तोवर हिलालने तीन दाण्यांचा पाढा सुरू केला होता आणि इकडची माणसं त्याला गप्प बसवत होती. आप्पांनी दगडापाशी जाऊन वहाणा काढल्या, त्या शेजारी नीट लावून ठेवल्या, आणि लोटनला म्हणाले, “सरक जरा.”

लोटन गोंधळून बाजूला झाला. आप्पा एक गुडघा टेकत, रोहिदासचा हात धरत दगडावर चढले आणि लोटनच्या शेजारी उभे राहिले. गलका थांबला. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिथे पाण्याचा आवाज ऐकू आला.

“आता विचारा,” आप्पा म्हणाले.

हिलालला कसंतरी झालं. तुम्हाला काय विचारायचं आप्पा, पाटकरी तो आहे, असं तो म्हणाला.

“तो आपल्या पायांनी नाही चढला इथे. मी दाणा टाकला म्हणून चढला. तेव्हा अर्धा जाब माझ्याकडे लागतो.”

कोणी काही विचारेना. काय विचारायचं हेच लोक विसरून गेले होते. शेवटी पलीकडच्या घोळक्यातून केशरबाई पुढे आली. ती एकटी बाई, चौथ्या फडात तिचं दीड एकराचं वावर होतं, आणि तिने हरभरा टाकला होता हे ती कोणापासून लपवत नव्हती.

“माझ्या वावराला पाणी का येत नाही?” तिने विचारलं.

“दुसऱ्या फडाच्या वळणावर घुशींनी बांध पोखरलाय,” आप्पा म्हणाले. “पाणी ओढ्याला जातंय. तेरा दिवस झाले.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“नातवाला घेऊन तिकडे गेलो होतो. त्याला बारा दिवस झाले.”

“मग बोलला का नाहीत?”

आप्पांचे पाय थंडीने लाल झाले होते. रोहिदासला वाटलं, आता ते काहीतरी शहाणपणाचं सांगतील.

“लाज वाटली,” आप्पा म्हणाले. “चारचौघांत मीच म्हटलं होतं, माणूस चांगला आहे. आता मीच कसं म्हणू, पाट गळतोय? म्हटलं, बुजवेल आज ना उद्या. तू विचारेपर्यंत मी तेच म्हणत होतो.”

लोटनचा चेहरा उतरला. मला कोणीच सांगितलं नाही, एकाने बाजारात ऐकवलं ते मी टोमणा समजलो, असं तो हळू आवाजात म्हणाला. त्याच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. आप्पा त्यांच्याकडे वळले.

“कोणी कोणता दाणा टाकला ते मी विचारत नाही, ज्याचं त्याला ठाऊक आहे. पण ज्यांनी तूर टाकली त्यांनी माझं ऐका. दाणा टाकला की आपलं काम संपलं, असं आपल्याला वाटलं. ते तिथून सुरू होत होतं. हरलेल्याने विचारलं तर पाटकरी म्हणतो, हा जळतोय. निवडून देणाऱ्याने विचारलं तर त्याला ऐकावंच लागतं. म्हणून पहिला प्रश्न आपला होता. तो आपण गिळला, आणि या माणसाला एकटं पाडलं. त्याच्याभोवती कडं करून एकटं पाडलं.”

मग त्यांनी पलीकडे पाहिलं. “हिलाल, दाणे मोजून मागितलेस, बरोबर केलंस. तो तुझा हक्क. पण तिसऱ्यांदा तुझ्या काकाने मोजले तेव्हाच ते प्रकरण मिटलं. त्यानंतर पाण्याचं बोलायची वेळ आली, की तू तेच तीन दाणे काढून बसतोस. तुझ्या माणसांनी भगदाड पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. माझं चुकत असेल तर सांग.”

हिलालने खाली पाहिलं. त्याचाही गहू चौथ्या फडात होता.

रोहिदास दगडाच्या खाली उभा होता. त्याला आधी समाधान वाटलं, की बरी जिरली सगळ्यांची. मग त्याची नजर आपल्याच अनवाणी पायांकडे गेली, आणि आप्पांनी पायात काही घालू नकोस असं का सांगितलं होतं ते त्याला कळलं. त्यानेही तूर टाकली होती. सात दिवस आधी भगदाड पाहिलं होतं, ते नेटक्या अक्षरात वहीत उतरवलं होतं, आणि वही मिटून ठेवली होती. दोन महिने ज्या लोकांवर तो दातओठ खात होता, त्यांच्यात आणि त्याच्यात फक्त त्या वहीचा फरक होता. त्याचे कान तापले. दगडावर तिघांना जागा नव्हती, तरी तो कडेला एक पाय टेकवून चढला.

“मीही पाहिलं होतं,” तो म्हणाला. “सात दिवसांपूर्वी. लिहून ठेवलं आणि कोणाला सांगितलं नाही.”

आप्पांनी त्याला दंडाला धरून सावरलं.

केशरबाईला मात्र या कबुल्यांत काही रस नव्हता. “ते सगळं झालं,” ती म्हणाली. “पाणी कधी येणार ते सांगा.”

लोटनने खाली वाकून पायताण काढलं. मग तो म्हणाला, “परवा संध्याकाळपर्यंत. नाही आलं तर मी इथे येऊन उभा राहतो, तुम्ही बोलवायची वाट पाहणार नाही.” एवढं बोलून तो उतरला, फावडं उचललं आणि वळणाकडे चालू लागला.

त्या दिवशी सगळं गाव पालटलं, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मुख बंद करून बांध बुजवायला तूरवाल्यांपैकी नऊ जण गेले. बाकीच्यांना एकाएकी घरची कामं आठवली. पलीकडून एकटा हिलाल आला, तोही दुपारी, आणि माती पुरेशी चिकण नाही अशी कुरकुर करत संध्याकाळपर्यंत राबला. त्याचं बरोबर होतं. रात्रीत ती माती सुटली असती. लोटनने त्याचं ऐकलं, तळ्याकाठची माती आणवली, पळसाच्या फांद्या आणि दगड घालून बांध पक्का केला. तिसऱ्या दिवशी दुपारी चौथ्या फडाला पाणी लागलं. गहू वाचला. टोकाचे काही वाफे पिवळे पडले ते पडलेच, त्यातला एक केशरबाईचा होता, आणि पुढच्या अमावास्येला तिने त्याबद्दलही विचारलं.

भांडणं थांबली नाहीत, पण पुढच्या अमावास्यांना ती पाण्यावरून होऊ लागली. लोटन दगडावर चढला की त्याच्या बाजूचा कोणी ना कोणी, मनात असो नसो, वहाणा काढून शेजारी उभा राही. आप्पा त्यानंतर दगडावर चढले नाहीत. रोहिदास वही घेऊन जाई आणि तिथे उघडून मोठ्याने वाचे.

वर्ष सरलं. दसऱ्यानंतरच्या रविवारी पुन्हा मडकं मांडलं. मडक्याशी रोहिदास बसला होता. गेल्या वर्षी तीनशे पाच घरांचे दाणे सकाळच्या न्याहारीआधी पडले होते. लोक हसत, एकमेकांना डोळे मारत येत आणि मूठ मोकळी करून जात. यंदा ऊन डोक्यावर आलं तरी रांग निम्मीसुद्धा सरली नव्हती. जो तो मडक्यात मूठ घाली आणि तशीच धरून थांबे. रोहिदासचं डोकं तापू लागलं.

केशरबाईची पाळी आली. तिने मडक्यात हात घातला आणि ती उभी राहिली. मागची माणसं पाय बदलू लागली. कोणीतरी खाकरलं.

“मावशी, आटपा,” रोहिदास म्हणाला. “लोक खोळंबलेत.”

“खोळंबू देत,” ती म्हणाली. “नंतर दगडावर मला उभं राहायचंय.”

रोहिदास वही मांडीवर घेऊन उन्हात बसून राहिला.